दुभत्या गाईच्या अंगातले हार्मोन: कोकणातले गोठेवाले नेहमी विचारतात ते प्रश्न

गुरांचा डॉक्टर म्हणून माझी बरीच वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांवर गेली. गोठ्यात शिरलो की पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "डॉक्टर, दूध वाढायचं इंजेक्शन आहे का?" तसं काही नाही हे सांगून झालं की मग खरे प्रश्न सुरू व्हायचे. त्यातले पुन्हा पुन्हा आलेले इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना संकरित गाय डोळ्यापुढे आहे, कारण तक्रारी तिच्याच जास्त. गावठी गाईचं जिथे वेगळं आहे तिथे तसं म्हटलं आहे.

गाय व्याली की पंधरा दिवसांत बरगड्या दिसायला लागतात. खाणं तर आधीपेक्षा जास्त घालतो. मग ती वाळते का?

कारण दूध लवकर चढतं आणि भूक उशिरा. व्याल्यानंतर चौथ्या ते आठव्या आठवड्यात दूध सगळ्यात जास्त असतं. खाण्याचा जोर मात्र दहा-बारा आठवडे झाल्याशिवाय पुरता येत नाही. मधल्या काळात जे कमी पडतं ते गाय स्वतःच्या अंगावरून काढते, आधी चरबी आणि मग थोडं मांससुद्धा.

हिशेब करून बघा. एक लीटर दुधामागे गाईला साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं, दुधातली साखर मुख्यतः त्याचीच बनते. बारा लीटरची गाय म्हणजे दिवसाला ८४० ग्रॅम. आता तिच्या सगळ्या रक्तात एका वेळी ग्लुकोज असतं किती? चारशे किलोच्या गाईत पंधरा-वीस ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखर. चार चमच्यांच्या डब्यातून रोज पाऊण किलोच्या वर साखर उपसायची, तर तो डबा रात्रंदिवस कोणीतरी भरत राहायला हवा. ते काम यकृताचं. आपण भात खाल्ला की त्याची साखर आतड्यातून थेट रक्तात येते, गाईचं तसं नाही. पेंढा, गवत, पेंड, सगळं आधी कोठीपोटातले (गाईच्या पोटाचा पहिला, सगळ्यात मोठा कप्पा) जंतू आंबवतात. त्यातून आम्लं तयार होतात, आणि त्यांतल्या प्रोपिओनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज बनवतं.

हे ग्लुकोज कासेकडे जावं, बाकीच्या अंगाने त्यात वाटा मागू नये, अशी व्यवस्था हार्मोन, म्हणजे ग्रंथींतून रक्तात सुटणारे निरोपे, करतात. व्याल्यावर रक्तातलं इन्सुलिन उतरतं आणि ग्रोथ हार्मोन चढतं. मांस आणि चरबी इन्सुलिनच्या सांगण्यावरून ग्लुकोज आत घेतात. इन्सुलिन कमी, आणि जे आहे त्यालाही या पेशी नीट दाद देत नाहीत, म्हणून त्यांचा वाटा बंद. कासेला ग्लुकोज घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागतच नाही. तिचा दरवाजा कायम उघडा. थोडक्यात, तुमची गाय आजारी म्हणून वाळत नाही. वासराला पाजायचं हे तिच्या शरीराने ठरवलेलं असतं आणि बाकी सगळं त्यामागे. या प्रकाराला होमिओऱ्हेसिस म्हणतात. १९८० साली बॉमन आणि करी या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी दुभत्या जनावरांसाठी तो शब्द रूढ केला. थोडं वाळणं ठीक, किती वाळली यावर पुढचं सगळं अवलंबून.

म्हणजे गाईला मधुमेह होतो का?

नाही. माणसाच्या मधुमेहात रक्तात साखर साचते. इथे साखर साचायला उरतच नाही, दुधातून निघून जाते. गाईची रक्तशर्करा मुळातच आपल्यापेक्षा कमी, शंभर मिलीत ४५ ते ७० मिलिग्रॅमच्या आसपास. एका तरुण गोठेवाल्याने वडिलांचं साखर मोजायचं यंत्र गाईला लावलं, ५२ आकडा बघून घाबरला आणि रात्री साडेदहाला मला फोन केला. ५२ म्हणजे गाय ठणठणीत.

या वेतापासून पुढच्या वेतापर्यंत नेमकं काय काय बदलत जातं?

व्याण्याच्या शेवटच्या दिवसांपासून सुरू करू. कधी यायचं हे बरंचसं वासरू ठरवतं. त्याची वाढ पुरी झाली की त्याच्या अंगात कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं, आणि त्यामुळे गाईचा गाभ टिकवून धरणारं प्रोजेस्टेरॉन व्याण्याच्या एक-दोन दिवस आधी कोसळतं. इस्ट्रोजेन आणि दूध बनवायला लावणारं प्रोलॅक्टिन उसळतात, कासेत चीक भरतो. गाईचं स्वतःचं कॉर्टिसॉलही त्या दिवशी चढलेलं असतं. एवढी उलथापालथ चालू असताना तिचं खाणं आपोआप कमी होतं.

व्याल्यावर पहिले दोन महिने वर सांगितलं तसं: ग्रोथ हार्मोन वर, इन्सुलिन खाली. त्याबरोबर लेप्टिन उतरतं (ते चरबीतून येतं, आणि चरबीच घटत असते), थायरॉईडची हार्मोन्सही उतरतात, म्हणजे शरीर आपला चालू खर्च कमी करतं. यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. एरवी ग्रोथ हार्मोन यकृताला सांगतं की आयजीएफ-१ (इन्सुलिनसारखंच दिसणारं, वाढीचं हार्मोन) बनव, आणि ते आयजीएफ-१ रक्तात वाढलं की मेंदूकडे निरोप जातो, "पुरे आता." ताज्या व्यालेल्या गाईत यकृताला ग्रोथ हार्मोनचं बोलणं ऐकूच येत नाही, कारण ते ऐकणारे पेशींवरचे कान, म्हणजे रिसेप्टर, इन्सुलिनअभावी कमी झालेले असतात. आयजीएफ-१ बनत नाही, "पुरे" हा निरोप जात नाही, ग्रोथ हार्मोन चढंच राहतं आणि चरबी वितळवत बसतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून खाणं दुधाला गाठतं. इन्सुलिन, आयजीएफ-१, लेप्टिन हळूहळू वर येतात. सातव्या-आठव्या महिन्यानंतर पारडं उलटं झुकतं. दूध उतरतं, इन्सुलिन पुन्हा मांसात आणि चरबीत साठवायला लागतं. गाय "भरते." साधारण ३०५ दिवसांचं दूध आणि मग दूध आटवून ६० दिवसांचा भाकड काळ, असं हे चक्र.

नुकत्या व्यालेल्या गाईच्या दुधाची फॅट एकदम वाढली. चांगलं ना?

संकलन केंद्रावर दर वाढून मिळतो म्हणून गोठेवाला खूश असतो. मी नसतो. चिकाचे दिवस सरल्यावर, पहिल्या तीन-चार आठवड्यांत, खाणं तेच असताना फॅट उसळली तर ती बहुधा खुराकाची नाही, गाईच्या अंगावरची आहे. वितळलेली चरबी रक्तातून कासेत येते आणि दुधात उतरते. त्याच वेळी प्रथिन कमी असेल तर शंका पक्की. फॅटला प्रथिनाने भागून उत्तर दीडच्या वर आलं, तर गाय किटोसिसच्या वाटेवर आहे असं धरून चाला. तुमच्या केंद्राच्या चिठ्ठीवर प्रथिनाचा आकडा नसेल तर निदान फॅटची उडी तरी लक्षात ठेवा.

किटोसिस म्हणजे नेमकं काय, आणि गूळपाण्याने बरं होतं का?

कुडाळकडची गोष्ट. सकाळी फोन आला, "डॉक्टरांनू, गाय दूध देता, पन खायना." जाऊन बघतो तर जर्सी संकरित, तिसरं वेत, व्याल्याला बारा दिवस. गव्हाणीत गोळी पेंड तशीच पडलेली, त्यावर माश्या. पेंढ्याच्या काड्या मात्र ती सावकाश चघळत होती. शेण कोरडं, चकचकीत, वर पातळ साय धरल्यासारखं. ताप नाही. त्या घरातली आजी म्हणाली, "हिच्या तोंडाक आंब्यासारखो वास येता." उतरलेल्या आंब्याचा, गोडसर. मला स्वतःला तो वास नीट येत नाही. काही माणसांना येतच नाही. पण आजीचं बरोबर होतं, तो ॲसिटोन.

झालेलं असतं असं: चरबी इतकी वितळते की यकृताला ती पुरती जाळता येत नाही. अर्धवट जळलेल्या चरबीचे कीटोन बनतात, ॲसिटोन त्यातलाच एक. थोडे कीटोन गाय इंधन म्हणून वापरते, जास्त झाले की तिची भूक मरते. भूक मेली की खाणं कमी, खाणं कमी म्हणून चरबी आणखी वितळते. आणि उरलेली चरबी यकृतातच साचत जाते.

गूळपाण्याचं म्हणाल तर ते द्यायला माझी हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. गुळातली साखर कोठीपोटात जंतूच खातात. ती रक्तात साखर म्हणून पोचत नाही, आणि त्यातून बनणाऱ्या आम्लांतलं एक आम्ल तर उलट कीटोनच वाढवतं. म्हणून आम्ही शिरेतून डेक्स्ट्रोज देतो आणि तोंडावाटे प्रॉपिलीन ग्लायकॉल, रोज २५०-३०० मिली, काही दिवस. ते कोठीपोटातून बरंचसं तसंच सुटतं आणि यकृतात त्याचं ग्लुकोज होतं. नुसती सलाईन लावून गाय उठली, खायला लागली, म्हणून दुसऱ्या दिवशी औषध बंद करणारे बरेच भेटतात. डेक्स्ट्रोजचा परिणाम काही तासांचा असतो.

आणि व्यालेल्या गाईला घमेलंभर शिजवलेला भात घालू नका. गणपतीत चाकरमानी आले की घरात भात उरतो आणि तो सगळा गाईच्या पुढ्यात जातो. त्याने किटोसिस टळत नाही, पोटात आम्लता होऊन गाय बसते. पेज घालायची तर पातळ आणि मापात.

हार्मोनची तपासणी करून आधीच कळेल का?

इन्सुलिन, ग्रोथ हार्मोन मोजणं हे प्रयोगशाळेचं आणि संशोधनाचं काम. ते आकडे दिवसातसुद्धा वरखाली होतात, एका नमुन्यावरून काही ठरत नाही. गोठ्यात उपयोगाची आहे ती कीटोनची पट्टी. रक्ताचा एक थेंब, साखरेसारखंच यंत्र. व्याल्यावर तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात एकदा तपासा. बीएचबी हा कीटोन लीटरला १.२ मिलिमोलच्या वर असेल तर बाहेरून गाय चांगली दिसली तरी आत गडबड सुरू झाली आहे. ३ च्या वर म्हणजे थांबूच नका.

पट्टी नसेल तर हात आहे. पंजा बरगड्यांवर सपाट ठेवून फिरवा, मग माकडहाडाचा कोपरा आणि शेपटीच्या मुळाशी असलेला खळगा बघा. आम्ही १ ते ५ असे गुण देतो. व्याताना ३ ते ३.५ असावेत आणि पहिल्या दोन महिन्यांत अर्ध्या-पाऊण गुणापेक्षा जास्त उतरू नये. मोबाईलवर मागून एक फोटो व्यायच्या दिवशी आणि एक महिन्याने काढून ठेवला तरी पुष्कळ कळतं.

भाकड काळात गाय चांगली भरवली तर व्याल्यावर तिला तेवढा साठा मिळेल ना?

ही समजूत मला सगळ्यात जास्त वेळा खोडून काढावी लागली आहे. माणूस मनापासून करतो, म्हणून बोलणंही जड जातं. लठ्ठ गाय व्याली की तिचं खाणं सडपातळ गाईपेक्षा जास्त उतरतं. तिच्या पेशी इन्सुलिनला आणखीच कमी दाद देतात. चरबी भसाभस सुटते, यकृत भरतं. साठा जितका मोठा तितका तो एकदम कोसळतो. वार अडकणं, किटोसिस, उशिरा माज, हे सगळं अशाच गाईत एकापाठोपाठ येताना दिसतं.

गाय भरायची ती दूध देत असतानाच, शेवटच्या तीन महिन्यांत. आटवताना जे अंग असेल तेच व्याताना असावं. भाकड काळात पेंढा पोटभर, थोडं हिरवं, खनिज मिश्रण, आणि खुराक मोजका. शेवटच्या तीन आठवड्यांत खुराक रोज थोडा वाढवत दीड-दोन किलोपर्यंत न्या, म्हणजे कोठीपोटातल्या जंतूंना व्याल्यानंतरच्या खाण्याची सवय होते. मात्र वाळलेली गाय या दोन महिन्यांत उपाशी ठेवून आणखी वाळवू नका, मी तसं म्हणत नाही.

घाटावरून नवव्या महिन्याची गाभण गाय आणली. काही काळजी?

आणलीच असेल तर हो, बरीच. आणायची असेल तर थांबा.

कोल्हापूर-सांगलीकडच्या बाजारातून टेम्पोत उभी करून फोंडा नाहीतर आंबा घाट उतरवतात. वळणावळणाला तोल सांभाळत, पाणी नाही. कॉर्टिसॉल आणि ॲड्रिनलिन चढलेलं. खाली आल्यावर हवा दमट, ऊस आणि मका जाऊन पुढ्यात भाताचा पेंढा. आठ दिवसांत व्याते. ज्या तीन आठवड्यांत तिचं खाणं एक दिवसही तुटायला नको, नेमक्या त्याच आठवड्यांत आपण तिचं घर, चारा आणि हवा तिन्ही बदललं. मग "बाजारात अठरा लीटर सांगितली, इथे आठच देते" ही तक्रार. त्या विकणाऱ्याने फसवलं असेलही, पण बरेचदा गाय खोटी नसते, वेळ चुकलेली असते. सहाव्या-सातव्या महिन्याची आणा, नाहीतर व्याल्याला तीन-चार महिने झालेली आणि पुन्हा गाभण असलेली. पहिले पंधरा दिवस तिच्या जुन्या चाऱ्याचं एखादं पोतं बरोबर घ्या.

व्यायच्या आधी महिनाभर कॅल्शियमची बाटली पाजतो. तरी गाय व्याल्यावर बसली. असं कसं?

त्या बाटलीमुळेच, असं म्हटलं तर राग येईल, पण बऱ्याच अंशी तसंच.

रक्तात कॅल्शियम एका वेळी दोन-तीन ग्रॅमच फिरत असतं. चिकाच्या एका लीटरमधून सुमारे दोन ग्रॅम जातं. व्यायच्या दिवशी पाच लीटर चीक निघाला, दहा ग्रॅम गेलं. ते भरून काढायचं तर हाडातून ओढायला हवं आणि आतड्यातून जास्त शोषायला हवं. हा हुकूम गळ्यातल्या छोट्या पॅराथायरॉईड ग्रंथींचं हार्मोन देतं, आणि त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंड ड जीवनसत्त्व कामाच्या रूपात आणतं. ही यंत्रणा जागी व्हायला एक-दोन दिवस लागतात. महिनाभर बाहेरून भरपूर कॅल्शियम आयतं मिळत असेल तर ती झोपलेलीच राहते आणि व्यायच्या रात्री तिला जाग येत नाही. गाय मान पोटाकडे वळवून बसते, कान गार, पाय गार. हाच दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी ताप नसतो.

तिसऱ्या वेतापुढच्या आणि जर्सी रक्ताच्या गाईत हा जास्त. शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्या बंद, मॅग्नेशियम मात्र हवं, कारण त्याच्यावाचून ते हार्मोन नीट काम करत नाही. बाटली व्याल्यावर पाजा. बसलेल्या गाईला तोंडातून काही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. डॉक्टरला बोलवा, शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं की बहुतेक गाई तासाभरात उभ्या राहतात. आमच्या धंद्यात एवढं झटपट यश दुसऱ्या कशात मिळत नाही.

पेंढ्याबद्दल एक. भाताच्या पेंढ्यात मुळात कॅल्शियम कमी, आणि त्यातली ऑक्झॅलेट आहे तेही बांधून ठेवतात. म्हणून दूध देण्याच्या काळात पेंढ्यावरच्या गाईला खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, वर्षभर, विसरता कामा नये.

व्याल्याला तीन महिने झाले, माजावर येत नाही. हार्मोनचं इंजेक्शन द्या.

आधी गाय दाखवा. बीजकोशाला चालना देणारं एलएच हे हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ठरावीक लयीत सुटावं लागतं. इन्सुलिन आणि आयजीएफ-१ खाली असताना ती लय मंदावते, बीजकोशही दाद देत नाही. शरीराच्या भाषेत: आधीच्या वासराचं भागत नाही, दुसरं कुठे? शिवाय आज सुटणारं बीजांड दोन-अडीच महिन्यांपूर्वीपासून वाढत आलेलं असतं. म्हणजे आजचा मुका माज हा व्याल्यानंतरच्या उपाशी दिवसांचा हिशेब आहे. अंग सावरलेल्या गाईत इंजेक्शनचा उपयोग होतो. हाडं वर आलेल्या गाईत तेच इंजेक्शन देऊन मी पैसे घेतले असते तर माझा फायदा झाला असता.

बरेचदा माज येऊन गेलेला असतो. रात्री, पावसात, कोणी बघितलेला नसतो.

आषाढ-श्रावणात गाय दिवसभर हिरवं चरते, पोट टम्म असतं. तरी दूध आणि अंग दोन्ही उतरतं.

कोवळ्या पावसाळी गवतात पाणीच ८०-८५ टक्के. चाळीस किलो गवत खाल्लं तरी कोरडा भाग सहा ते आठ किलो. दहा-बारा लीटरच्या गाईला अकरा-बारा किलो लागतो. पोट भरलं, गाय उपाशी. हार्मोन पोटाचा घेर बघत नाहीत, रक्तात काय आलं ते बघतात. अशा दिवसांत चरायला सोडण्याआधी दोन-तीन किलो सुका पेंढा आणि संध्याकाळी खुराक द्या. पेंढा उडवीतला खालचा, बुरशी आलेला नको.

कोकणातल्या उकाड्याचा हार्मोनवर परिणाम होतो का?

होतो, आणि घाटावरच्यापेक्षा जास्त. तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की दुभती गाय त्रासात. ३२ अंश तापमान आणि ३० टक्के आर्द्रता असेल तर तो ७७ येतो. त्याच ३२ अंशाला आर्द्रता ७५ टक्के असेल, जशी आपल्या किनाऱ्यावर मे महिन्यात असते, तर ८५. थर्मामीटर तोच आकडा दाखवतो, गाय वेगळी धापा टाकते.

उकाड्यात गाय खाणं कमी करते, थायरॉईड मंद होतं, म्हणजे आतली शेगडी बारीक होते. पण इथे एक उलटी गोष्ट घडते. उपाशी गाईत इन्सुलिन उतरतं हे वर आलंच. उन्हाने खाणं तुटलेल्या गाईत मात्र ते उतरत नाही, उलट वाढतं. त्यामुळे चरबी हवी तशी सुटत नाही आणि ग्लुकोज मांसाकडे वळतं. कासेच्या वाट्याला येणारं कमी होतं. म्हणून मे महिन्यात दुधाची घट नुसत्या कमी खाण्याच्या हिशेबात बसत नाही, त्याहून जास्त असते.

उपाय साधे. पत्र्याच्या छपरावर झावळ्या टाका, आमच्याकडे चुडतां म्हणतात ती. भिंती अर्ध्याच ठेवा. अंगावर पाणी मारायचं तर त्यामागे पंखा हवाच. दमट हवेत नुसतं भिजवलं तर पाणी वाळत नाही आणि गाय गार होत नाही. मोठं खाणं पहाटे आणि रात्री नऊनंतर.

मग गावठी गाय का अशी वाळत नाही?

कारण ती देते दीड-दोन लीटर, आणि तेही वासराला पाजून. खड्डा खणलाच नाही तर पडणार कशात? हार्मोनची चाल तीच, पण उतार सौम्य. संकरित गाईत पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना माणसाने नकळत चढं ग्रोथ हार्मोन आणि उतरलेलं इन्सुलिनच निवडलं आहे. कोकण कपिला ही आपली जात, २०१८ साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंदली गेली. सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) करड्या गवतावर आणि अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात टिकण्यासाठी ती घडली आहे, अठरा लीटरसाठी नाही. तिला पोटभर खुराक घालून दूध दुप्पट होईल ही आशा ठेवू नका. ती लठ्ठ होईल.

वासरू मेलं, गाय पान्हा सोडत नाही. ऑक्सिटोसिन टोचू का?

ऑक्सिटोसिन दूध बनवत नाही, बनलेलं सोडतं. सडाला हात लागला, वासरू हुंगलं, बादलीचा आवाज आला की त्याच पिट्युटरी ग्रंथीतून ते सुटतं आणि मिनिट-दोन मिनिटांत कास टणक होते. रक्तात त्याचा जोर काही मिनिटंच. म्हणून कास धुतल्यावर चहा प्यायला जाऊ नका, पाच-सात मिनिटांत धार संपवा. कुत्रं भुंकलं, नवीन माणूस आला, कोणी काठी उगारली की ॲड्रिनलिन सुटतं आणि पान्हा चढतो.

रोज टोचलं तर गाय त्याशिवाय पान्हा सोडायचं विसरते. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या तब्येतीला बाधेल असं इंजेक्शन देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हाही आहे. वासरू गेलेल्या गाईला पहिले काही दिवस डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यावं लागू शकतं, एवढंच. त्यापेक्षा एकच माणूस, एकच वेळ, पुढ्यात थोडं आंबोण, आणि सडांना मिनिटभर हलकी मालीश. चार-पाच दिवस धीर धरा.

परदेशात ग्रोथ हार्मोन टोचून दूध वाढवतात म्हणे?

१९३७ साली रशियातल्या आसिमोव्ह आणि क्रूझ यांनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क शेकडो गाईंना टोचून दूध वाढतं हे दाखवलं. पुढे त्या अर्कातलं ग्रोथ हार्मोन जंतूंकडून बनवता आलं आणि १९९३ साली अमेरिकेने त्याला परवानगी दिली. युरोपीय संघ आणि कॅनडा यांनी दिली नाही, मुख्यतः गाईंच्या आरोग्याच्या कारणावरून. आपल्या दहा लीटरच्या, पेंढ्यावरच्या गाईला ते टोचून उपयोग नाही. ते दूध हवेतून आणत नाही, गाईच्या अंगावरून आणतं.

दुधातून ही हार्मोन आपल्या पोटात जातात का?

इन्सुलिन आणि आयजीएफ-१ थोडी दुधात असतात, चिकात पुष्कळ. ती वासराच्या आतड्याची वाढ करायला. आपल्या पोटात ती बाकी प्रथिनांसारखीच पचतात. १९२२ साली टोरांटोत मधुमेहाच्या रुग्णाला पहिल्यांदा दिलेलं इन्सुलिन गोवंशाच्या स्वादुपिंडातूनच काढलेलं होतं, आणि ते टोचावंच लागलं, कारण पिऊन चालत नाही. तेव्हा खरवस खुशाल खा. फक्त वासराचं पोट आधी भरू दे. पहिल्या काही तासांतला चीक त्याचा.

म्हशीचं पण असंच?

चक्र तेच, गाभण काळ सुमारे ३१० दिवसांचा. किटोसिस आणि दुग्धज्वर म्हशीतही होतात. पान्ह्याच्या बाबतीत म्हैस गाईपेक्षा हट्टी.

गोठ्यात रात्री दिवा लावला तर दूध वाढतं असं वाचलं.

थंड देशांत, जिथे हिवाळ्यात दिवस आठ तासांचा होतो, तिथे सोळा तास उजेड ठेवून दूध वाढल्याचं दिसलं आहे. प्रोलॅक्टिन आणि आयजीएफ-१ त्याने वाढतात. आपल्याकडे लहानात लहान दिवस अकरा तासांचा, मोठा तेराचा. फार फरक पडेल असं मला वाटत नाही. पावसाळ्यात गोठे दुपारीही काळोखे असतात, तिथे दिवा लावा. निदान गव्हाण दिसेल आणि माज दिसेल.

आटवताना धार एकदम बंद करावी की एक दिवसाआड?

पाच-सहा लीटरच्या आत असेल तर एकदम. कास भरून दाब आला की दूध बनवणाऱ्या पेशी आपणहून थांबतात. मध्ये मध्ये काढत राहिलात तर त्यांना थांबायचं कळत नाही, आणि सडाची तोंडं उघडी राहून जंतू शिरतात. जास्त देत असेल तर आठवडाभर आधी खुराक काढून पेंढ्यावर आणा, पाणी मात्र तोडू नका. शेवटच्या धारेनंतर चारही सडांत आटवण्याचं औषध डॉक्टरकडून भरून घ्या आणि पहिले दहा-बारा दिवस रोज कासेवरून हात फिरवा. एखादा सड गरम किंवा दगडासारखा लागला तर त्याच दिवशी कळवा.